नगरचं रणगाडा संग्रहालय: प्रत्येक रणगाड्याखालची जमीन

नमस्कार मंडळी.

रणगाड्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत असेल? समोरच्या रणगाड्याची तोफ, जमिनीत पुरलेला सुरुंग, डोक्यावरून येणारं विमान, ही तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण रणगाड्यांच्या लढाया वाचायला बसलं की आणखी एक उत्तर सारखं समोर येतं, ते म्हणजे चिखल. पंचेचाळीस टन पोलाद, आत चार माणसं, पुढे लांबलचक तोफ, आणि हे सगळं ओल्या शेतात रुतून बसतं.

हे मनात ठेवूनच आज आपण एका संग्रहालयात जाणार आहोत. ते अहिल्यानगरला आहे, म्हणजे आपल्या नगरला. कॅव्हलरी टँक म्युझियम. पुण्याहून साधारण १२० किलोमीटर. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते १९९४ साली उभं केलं. देशातल्या रणगाडा दलाचं प्रशिक्षण इथेच होतं, त्यामुळे हे संग्रहालय दुसऱ्या कुठल्या गावात असण्यापेक्षा नगरला असणंच बरोबर आहे.

जागा तशी छोटी आहे. भव्य इमारत नाही. मोकळ्या आवारात, झाडांच्या मधोमध, चाळीसहून जास्त रणगाडे आणि चिलखती गाड्या उभ्या आहेत. भरभर चाललात तर अर्ध्या तासात बाहेर पडाल. बरेच लोक तेच करतात. दोन-चार फोटो, तोफेच्या नळीखाली पोरांना उभं करायचं आणि मग जेवायला कुठे जायचं याची चर्चा. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण या आवारात जे उभं आहे ते नीट बघायचं तर अख्खी सकाळसुद्धा कमी पडेल.

मग बघायचं कसं? फलकावर रणगाड्याचं नाव, देश, वजन, तोफेचा आकार अशी माहिती असते. ती वाचाच. पण प्रत्येक रणगाड्यासमोर स्वतःला एक प्रश्न विचारा. हा कुठल्या जमिनीवर लढला? बर्फ, वाळू, उसाचं शेत, नदी, सुरुंगांनी भरलेला काठ? ज्या जमिनीसाठी तो बांधला तिथेच लढला, की नशिबाने भलत्याच जमिनीवर जाऊन पडला? हा प्रश्न घेऊन फिरलात तर ते पोलाद बोलायला लागतं.

[इथे रोल्स-रॉइस चिलखती गाडीचा फोटो]

सुरुवात सगळ्यात जुन्या गाडीपासून करू. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. हो, राजेमहाराजांच्या मोटारी बनवणारी तीच कंपनी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी या मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रा चढवला, वर फिरता मनोरा बसवला आणि त्यात मशीनगन ठेवली. आता तिची चाकं बघा, साधी मोटारीची चाकं आहेत. रस्त्यावर किंवा घट्ट वाळूवर ही गाडी वाऱ्यासारखी पळायची, पण खंदक आला, चिखल आला की तिचं काम संपलं. चाकं सोडून साखळीपट्ट्यांकडे, म्हणजे ज्याला आपण ट्रॅक किंवा चेन म्हणतो त्याकडे का जावं लागलं, ते या एका गाडीकडे बघून कळतं.

ट्रॅकचं गणित सोपं आहे. पावसाळ्यात काळ्या रानातून चालताना चप्पल रुतते, पण तिथेच फळी टाकली तर तिच्यावरून माणूस आरामात जातो. वजन तेवढंच राहतं, ते टेकायला जागा मात्र जास्त मिळते. ट्रॅक म्हणजे रणगाड्याने स्वतःपुढे अंथरलेली आणि मागून उचललेली न संपणारी फळी. त्यामुळे चाळीस-पन्नास टनांच्या रणगाड्याखाली जमिनीवर येणारा दाब साध्या मोटारीच्या टायरखालच्या दाबापेक्षाही कमी असतो. असं असूनही रणगाडे रुततात, कारण दाबाला मर्यादा असते आणि चिखलाच्या खोलीला नसते.

तिथून पुढे एक अगदी लहानसा जपानी रणगाडा आहे, हा-गो. वजन साडेसात टनांच्या आसपास, आत तीन माणसं, तोफ ३७ मिलीमीटरची. मला खिळवून ठेवतं ते त्याचं चिलखत. जाडीत जाडी १२ मिलीमीटर. शाळेतल्या पट्टीवर बारा मिलीमीटर मोजून बघा, म्हणजे आतल्या माणसांना काय वाटत असेल ते कळेल. १९३०च्या दशकात, ज्यांच्याकडे रणगाडे भेदणारी शस्त्रं फारशी नव्हती अशा चिनी सैन्यापुढे तो चालून गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून इम्फाळच्या दिशेने आल्यावर समोर जड तोफांचे रणगाडे भेटले आणि ते बारा मिलीमीटर कुणालाच वाचवू शकले नाहीत.

मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे इथे आहेत. त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ करता येईल. आज आपल्या सैन्याच्या लढायांकडे जाऊ.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. १ नोव्हेंबर १९४८, पाकिस्तानशी पहिलं युद्ध चालू होतं. झोजीला. काश्मीर खोऱ्यातून लडाखकडे जाणारी खिंड, उंची जवळजवळ ११,५०० फूट. वर शत्रूने मोक्याच्या जागा धरलेल्या, आणि लेहकडे जाणारा रस्ता बंद. पायदळाचे हल्ले फसले होते. तेव्हा ७ लाइट कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे वर न्यायचं ठरलं. जम्मूकडून श्रीनगरला येताना वाटेतले पूल वजन पेलणार नव्हते, म्हणून रणगाड्यांचे वरचे मनोरे काढून वेगळे आणले. सगळा प्रवास झाकून, गुपचूप. बालतालपासून वर खिंडीपर्यंत मद्रास सॅपर्सच्या, म्हणजे लष्करातल्या इंजिनियर दलाच्या, जवानांनी डोंगर फोडून वाट केली. आणि त्या दिवशी, बर्फ पडत असताना, रणगाडे खिंडीत शिरले. तोवर इतक्या उंचीवर रणगाडे कुठेच लढले नव्हते. दलाचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग यांचं होतं, त्यांना सगळे 'स्पॅरो' म्हणत. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल थिमय्या स्वतः एका रणगाड्यात बसून पुढे गेले होते. समोरच्या सैन्याने तिथे रणगाड्याची कल्पनाच केलेली नव्हती. खिंड मोकळी झाली.

इथे जमीन रणगाड्याच्या विरोधात होती, आणि ती आधी माणसांनी, सुरुंग लावून आणि फावड्यांनी, रणगाड्याजोगी केली. ज्यांनी वाट कोरली त्या सॅपर्सचं नाव आपल्या तोंडी कमी येतं. ते यायला हवं.

[इथे एएमएक्स-१३चा फोटो, मनोऱ्याचा जवळून]

आता या फ्रेंच रणगाड्यासमोर या. एएमएक्स-१३. बसका, हलका, पंधरा टनांच्या आतबाहेर. याचा मनोरा नीट बघा, तो दोन भागांचा आहे. वरचा भाग तोफेसकट वर-खाली झुकतो. तोफ मनोऱ्यात पक्की बसवल्यामुळे मागे गोळे भरणारं यंत्र लावता आलं. सहा-सहा गोळ्यांचे दोन फिरते ड्रम. हे बारा गोळे संपले की मात्र बाहेरून पुन्हा भरायचे.

हा हलकेपणा १९६२ साली कामी आला. ऑक्टोबर महिना, चीनचं आक्रमण सुरू झालेलं आणि चुशूलला धोका. चुशूल म्हणजे लडाखमध्ये १४,००० फुटांहून उंच पठार. रस्त्याने रणगाडे पोचणं शक्य नव्हतं. मग २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ रणगाडे एएन-१२ विमानांतून थेट चुशूलच्या धावपट्टीवर उतरवले. एकूण सहा रणगाडे. एवढ्या उंचीवर हवा विरळ, विमानाला उचल कमी मिळते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, आणि पोटात पंधरा टनांचा रणगाडा. त्या वैमानिकांचं काम मला रणगाड्यातल्या जवानांइतकंच मोठं वाटतं. नोव्हेंबरमध्ये गुरुंग टेकडीच्या लढाईत याच रणगाड्यांनी आपल्या पायदळाला तोफांचा आधार दिला.

आता सगळ्यात जास्त गर्दी असते तिकडे जाऊ. पॅटन. १९६५च्या युद्धात आपण जिंकून आणलेला.

पॅटन हा अमेरिकेने पाकिस्तानला दिलेला रणगाडा. एम-४७ आणि एम-४८ असे त्याचे प्रकार. ९० मिलीमीटरची तोफ, जाड चिलखत, अंतर मोजणारी आधुनिक यंत्रणा. कागदावर त्या काळच्या उत्तम रणगाड्यांपैकी एक. आपल्याकडे शर्मन होते, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले, एएमएक्स-१३ होते आणि सेंच्युरियन होते. या तिघांत पॅटनशी बरोबरी करू शकणारा सेंच्युरियनच.

सप्टेंबर १९६५. पंजाबातलं खेमकरण पाकिस्तानच्या हाती गेलं होतं आणि त्यांची पहिली आर्मर्ड डिव्हिजन पुढे सरकत होती. ब्यास नदीवरच्या पुलापर्यंत धडक मारायचा त्यांचा बेत होता. आपली ४ माउंटन डिव्हिजन असल उत्तर गावाभोवती मागे आली आणि तिने घोड्याच्या नालासारखी मांडणी केली. मध्ये मोकळी जागा आणि तिन्ही बाजूंना, उंच उसात दडलेले, ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन, ८ कॅव्हलरीचे एएमएक्स-१३, आणि जीपवर बसवलेल्या १०६ मिलीमीटरच्या रिकॉइललेस, म्हणजे झाडताना मागे धक्का न देणाऱ्या, तोफा. आणि मग शेतात पाणी सोडलं.

इथे थोडं थांबून पॅटनच्या ट्रॅककडे बघा. पंजाबची ती सपाट, सुपीक जमीन कोरडी असताना रणगाड्यांना पळायला फार सोयीची असते. तीच पाण्याने भरल्यावर पंचेचाळीस टनांचा पॅटन मंदावला. काही जागीच रुतले. बाकीचे कोरड्या पट्ट्यांकडे वळले, आणि त्याच पट्ट्यांवर आपल्या तोफा रोखलेल्या होत्या. उसामुळे अंतर इतकं कमी की अंतर मोजणाऱ्या महागड्या यंत्रणेचा उपयोगच नव्हता. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत, भारतीय नोंदींनुसार, ९७ पाकिस्तानी रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. ते भिखीविंडजवळ आणून रांगेत उभे केले, तेव्हा लोक त्या जागेला पॅटननगर म्हणू लागले.

याच लढाईत ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन टिपत राहिले. जीपला चिलखत नसतं. एक गोळा झाडला की मागे उडणाऱ्या धुराळ्यामुळे जागा उघडी पडते, म्हणून लगेच जीप हलवायची, दुसरा आडोसा धरायचा, पुन्हा नेम. १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. नगरला पॅटनच्या पुढच्या चिलखताला हात लावला नाही तरी चालेल, पण त्याच्या समोर जिपेच्या उंचीवर बसून बघा. त्या उंचीवरून तो कसा दिसतो ते मनात राहतं.

असल उत्तरचं नाव बहुतेकांना माहीत असतं. त्याच महिन्यात सियालकोटच्या बाजूला जे घडलं ते आपल्याकडे, महाराष्ट्रात, जास्त माहीत असायला हवं. फिल्लौराची लढाई, ११ सप्टेंबरपासून. तिथे पूना हॉर्स ही रेजिमेंट सेंच्युरियन घेऊन लढत होती. ही रेजिमेंट १८१७ साली पुण्यात उभी राहिली, पेशवाईच्या अखेरच्या काळात, ब्रिटिशांनी उभी केलेली. नावातला 'हॉर्स' तेव्हापासूनचा. घोडे गेले, रणगाडे आले, नाव राहिलं. तिचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचं. ते जखमी झाले, पण मागे गेले नाहीत. वझीरवाली, जस्सोराँ, बुतूर-डोगरांडी अशी एकेक जागा घेत त्यांची रेजिमेंट पुढे जात राहिली. १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आलं. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात लिहिलं आहे की या लढाईत रेजिमेंटने शत्रूचे ६० रणगाडे नष्ट केले आणि आपले ९ गमावले.

[इथे पीटी-७६ आणि चॅफी, दोन्हींचे फोटो शेजारी]

माझा सर्वांत आवडता रणगाडा अजून यायचा होता. हा पीटी-७६. लोक याच्यापुढून सरळ निघून जातात, कारण दिसायला काही भारदस्त नाही. होडीसारखा टोकदार पुढा आणि वर छोटा मनोरा. सोव्हिएत बनावटीचा, १४ टनांचा, ७६ मिलीमीटरची तोफ. चिलखत अगदी पातळ. कारण हा पोहतो. मागच्या बाजूला जा आणि पाणी फेकणारी तोंडं बघा. आतलं पाणी जोरात मागे फेकायचं, रणगाडा पुढे. पुढच्या बाजूला एक दुमडती पाटी आहे, पाण्यात उतरताना ती उभी करायची, म्हणजे लाट आत येत नाही.

पूर्व बंगाल, म्हणजे आजचा बांगलादेश, हा नद्या, खाड्या आणि भातशेतीचा मुलूख. तिथे जड रणगाडा नेऊन काय करणार? पीटी-७६ त्या जमिनीसाठी जणू बेतलेला. आणि तरी त्याची सगळ्यात गाजलेली लढाई पाण्यात झाली नाही. २१ नोव्हेंबर १९७१, गरीबपूर. युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं. १४ पंजाब ही पलटण आणि तिच्यासोबत ४५ कॅव्हलरीचे १४ पीटी-७६ सीमेपलीकडे गेले होते. पहाटे दाट धुकं, चाळीस मीटरच्या पुढचं दिसत नाही. त्या धुक्यातून पाकिस्तानचे चॅफी रणगाडे चालून आले. चॅफीचं चिलखत पीटी-७६पेक्षा जाड, पण धुक्यात चिलखताला आधी पाहणाऱ्या डोळ्यांपुढे फारशी किंमत नसते. आपले रणगाडे आडोसा धरून थांबले होते. चॅफींचं ते अख्खं पथक संपलं. काही चॅफी जसेच्या तसे हाती लागले. स्क्वाड्रनचे कमांडर मेजर दलजितसिंग नाराग झाकण उघडं ठेवून, बाहेर डोकं काढून लढाई चालवत होते. ते गोळी लागून गेले. त्यांना महावीर चक्र देण्यात आलं.

रणगाड्याचा कमांडर डोकं बाहेर का काढतो, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आतून दिसतं ते जाड काचेच्या फटीतून. धुकं, धूळ, झाडी असेल तर काहीच दिसत नाही. बाहेर डोकं काढलं तर सगळं दिसतं, आणि तुम्हीही सगळ्यांना दिसता. रणगाडा दलातले इतके अधिकारी मनोऱ्यात उभे असतानाच गेले, त्यामागचं कारण हे.

नगरला पीटी-७६ आणि चॅफी दोन्ही आहेत. दोन्ही एका पाठोपाठ बघा, आधी पीटी-७६, मग परत मागे जाऊन चॅफी.

आता सेंच्युरियन. पन्नास टनांच्या आसपास वजन, आत चार माणसं: कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. १९७१च्या १६ डिसेंबरला, शकरगढच्या भागात, बसंतर नदीच्या काठावर पूना हॉर्सच्याच एका सेंच्युरियनमध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. वय २१. जन्म पुण्याचा. रेजिमेंटमध्ये येऊन सहा महिनेच झाले होते.

बसंतरची जमीन सुरुंगांनी भरलेली होती. इंजिनियर सुरुंग काढत होते, वाट अर्धीच झाली होती, आणि पलीकडे पोचलेल्या आपल्या पायदळाकडून निरोप आला की शत्रूचे रणगाडे जमत आहेत. पूना हॉर्सने थांबायचं नाही असं ठरवलं. वाट पूर्ण व्हायच्या आत, सुरुंगांच्या पट्ट्यातून ते पलीकडे गेले. १६ तारखेच्या सकाळी पाकिस्तानच्या १३ लान्सर्सने पॅटन घेऊन प्रतिहल्ला केला. खेत्रपाल यांच्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली. रणगाडा सोड असा हुकूम आला. त्यांनी रेडिओवर कळवलं की तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही. त्यांनी टिपलेला शेवटचा रणगाडा जेमतेम १०० मीटरवर होता. मग त्यांच्याच रणगाड्याला दुसरा गोळा लागला आणि ते धारातीर्थी पडले. ते परमवीर चक्राचे मानकरी ठरले.

त्या रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता'. युद्धानंतर तो दुरुस्त केला आणि नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे.

समोर लढलेली १३ लान्सर्स ही फाळणीआधी अखंड हिंदुस्थानच्या सैन्यातलीच रेजिमेंट. १९३८ साली घोडे सोडून यंत्रांवर आलेल्या पहिल्या दोन हिंदी रेजिमेंटांपैकी एक. अरुण यांचे वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, २००१ साली पाकिस्तानात आपलं जुनं गाव बघायला गेले. तिथे त्यांची सोय एका पाकिस्तानी ब्रिगेडियरांनी केली होती, ख्वाजा मोहम्मद नासेर. परतीच्या आधी नासेर यांनी सांगितलं, त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो. हे ऐकल्यावर त्या वडिलांच्या मनात काय झालं असेल, त्यावर मी काही बोलू शकत नाही. सेंच्युरियनसमोर उभे राहाल तेव्हा एवढं मात्र ध्यानात असू द्या, की तिथे लढलेल्या दोन्ही बाजूंच्या रेजिमेंटांचे जुने कागद कधीकाळी एकाच दप्तरात होते.

विजयंता बघायला विसरू नका. चेन्नईजवळ आवडीच्या कारखान्यात बांधलेला. आराखडा ब्रिटिश कंपनीचा, पण देशात मोठ्या संख्येने तयार झालेला आपला पहिला रणगाडा. १०५ मिलीमीटरची तोफ.

जायचं असेल तर काही गोष्टी. सगळं उघड्यावर आहे, त्यामुळे सकाळी लवकर जा. नगरचं ऊन आणि तापलेलं पोलाद, दोन्ही कडक असतात. पोरांना रणगाड्यावर चढवू नका, कितीही हट्ट करू देत. हा लष्कराचा परिसर आहे, वेळ आणि फोटोचे नियम निघायच्या आधी विचारून घ्या, सोबत ओळखपत्र ठेवा. शक्य असेल तर सुट्टीचा दिवस टाळा. आणि फोनमध्ये नकाशा उघडून ठेवा. प्रत्येक रणगाड्यापुढे उभं राहून ती जागा शोधा: झोजीला, चुशूल, खेमकरण, गरीबपूर, शकरगढ. नदी कुठे आहे, चढ कुठे आहे, शेतं कुठे आहेत ते बोटाने बघा. पोरांना हे फार आवडतं, आणि आपल्यालाही.

एक विनंती. नगर, सातारा, सांगली, कोल्हापूर, अशा कितीतरी जिल्ह्यांत घराघरांतून माणसं फौजेत गेली आहेत. तुमच्या घरात कुणी रणगाडा दलात असेल, आजोबा, काका, मामा, तर त्यांच्याशी बसून बोला. कुठला रणगाडा होता, ड्रायव्हर होता की गनर, कुठल्या गावाजवळ होता, आणि तिथली माती कशी होती, हे नक्की विचारा. त्यांची परवानगी असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा. पुढचा व्हिडिओ मी त्यातल्याच एखाद्या जागेवर करणार आहे.